त्याचा फोन आला का?

डोके दुखते म्हणून येणारा रुग्ण आम्हा डॉक्टर मंडळींच्या रोजच्या परिचयाचा. दहा जणांत एक तरी असतोच. त्यामुळे पाली परिसरातील एक तीस-बत्तीस वर्षांच्या भगिनी जेव्हा हीच तक्रार घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हा मला त्यात विशेष काही वाटले नाही. चार महिन्यांत त्या चार वेळा आल्या. दर वेळी सासूबाई सोबत. डोके दुखते, रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडते, जेवण जात नाही. मी रक्तदाब पाहिला, रक्त तपासले, छातीचा आलेख काढला, थायरॉईडची तपासणी करवून घेतली. हिमोग्लोबिन थोडे कमी निघाले, त्यासाठी लोहाच्या गोळ्या दिल्या. पित्ताची गोळी दिली, डोकेदुखीची दिली. बाकी सारे ठीक होते. फक्त बाई ठीक होत नव्हत्या.

पाचव्या खेपेस सासूबाई आल्या नाहीत. शेजारच्या वस्तीवरील एक पोक्त बाई सोबत आल्या होत्या. मी पेन उचलले तोच त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हिला आता आणखी गोळ्या नका देऊ. हिचे मालक मिलिटरीत हायेत. दोन महिन्यांखाली वर बर्फात बदली झाली. बारा दिवस झाले, फोन लागंना."

मी विचारले, हे तुम्हाला कसे समजले? त्या म्हणाल्या, "माझे मालक सीमा सुरक्षा दलात हायेत, पंधरा वर्षं झाली. ही लग्नात भेटली तर सारखी मोबाईलकडं बघायली. मीबी तसंच करायची."

एवढे बोलणे झाले आणि इतके महिने माझ्यासमोर मान खाली घालून बसणारी ती लेक ओक्साबोक्शी रडू लागली. पंधरा मिनिटे ती रडत होती. त्या बाई तिच्या पाठीवर हात ठेवून नुसत्या बसून होत्या. मी औषधाची चिठ्ठी लिहिली नाही.

वाचकहो, ही गोष्ट मी माझ्या कमीपणाची म्हणून सांगत आहे. चार भेटींत मी तिच्या रक्तातील सारे आकडे विचारले, पण 'मालक कुठे असतात?' हा एक प्रश्न विचारला नाही. सासू शेजारी बसलेली, समोर पुरुष डॉक्टर, बाहेर रुग्णांची रांग. अशा ठिकाणी ती आपण होऊन सांगणार तरी कशी? जे निदान मला चार महिन्यांत झाले नाही, ते सातवी-आठवी शिकलेल्या एका बाईने एका लग्नाच्या पंगतीत केले. कारण तो आजार तिने स्वतः काढलेला होता.

आजार खोटा नसतो

'काही निघाले नाही, मनाचे आहे,' असे डॉक्टर सांगतो तेव्हा घरच्यांना वाटते की बाई नाटक करते. हा गैरसमज आधी दूर केला पाहिजे. सतत धास्तीत असलेले शरीर संकटाला तोंड देण्याच्या तयारीत राहते. अशा वेळी अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही द्रव्ये रक्तात वाढतात. साप दिसल्यावर पळून जाण्यासाठी ही व्यवस्था उत्तम आहे. साप गेला की शरीर पुन्हा शांत होते. परंतु जिचा साप आठ-आठ महिने जातच नाही, तिने काय करावे? मानेचे आणि कपाळाचे स्नायू ताठरतात व डोके दुखते. छाती धडधडते, पोटात कालवते, झोप तुटक होते, काहींची मासिक पाळीही पुढे-मागे होते. हे दुखणे खरे असते. फक्त त्याचे मूळ डोक्याच्या फोटोत दिसत नाही.

याचा अर्थ तपासणी करू नये असा मुळीच नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. धडधड आणि थकवा त्यानेही होतो, थायरॉईडच्या विकारानेही होतो. तेव्हा तपासणी जरूर करावी. माझे म्हणणे एवढेच की तपासणी निर्दोष निघाली म्हणजे आपले काम संपले असे समजू नये. खरे तर तिथून ते सुरू होते.

तिला आपल्याकडे शब्दच नाही

जवानाला वीरमरण आले की त्याच्या पत्नीला आपण वीरपत्नी म्हणतो. शासन तिला मदत देते, गाव तिच्यापुढे नतमस्तक होते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या स्त्रीचा पती जिवंत आहे, सीमेवर आहे, आणि जी रोज रात्री त्याच्या जिवाची काळजी करत अंथरुणावर पडते, तिला आपल्या भाषेत वेगळा शब्दही नाही. तिच्याकडे आपले लक्ष जाते ते सारे संपल्यावर. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाडा भागात शहीद झाले. पुढे २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः लष्करात अधिकारी झाल्या. साऱ्या महाराष्ट्राने त्यांना वंदन केले. पण त्याआधीची त्यांची वर्षे, पती सीमेवर आणि मुले घरी असलेली, आपण कधी मनात आणली होती का? अशी वर्षे आज आपल्या जिल्ह्यातील कितीतरी लेकी-सुना कोणालाही न सांगता काढत आहेत.

उलट गावात तिच्या वाट्याला काय येते? 'तुला काय कमी, महिन्याला पगार येतो.' 'मालक इथं नाही आणि ही नवं लुगडं नेसून कुठं निघाली?' पगार सासऱ्याच्या हाती द्यायचा की सुनेच्या खात्यात राहू द्यायचा, यावरून घरात धुसफूस. पोराला ताप आला तर रात्री कोणाला उठवायचे, शाळेच्या सभेला कोणी जायचे, बांधाच्या भांडणात कोणी बोलायचे, हे सारे तिच्याच डोक्यावर. त्यातून आपल्या भागाची आणखी एक गोष्ट आहे. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीसाठी कोयते निघतात आणि गावेच्या गावे अर्धी रिकामी होतात. मागे राहतात म्हातारी माणसे, शाळेची पोरे आणि अशा या एकट्या बायका. थंडीचे ते चार-पाच महिने माझ्याकडे झोपेची तक्रार घेऊन येणाऱ्या स्त्रिया वाढतात, हा माझा अनुभव आहे.

पूर्वी पत्र यायचे. पत्त्यावर '५६ एपीओ' असे लिहिलेले ते पत्र पंधरा-वीस दिवसांनी यायचे आणि तेवढे दिवस वाट पाहण्याची मनाची तयारी असायची. आता मोबाईल आहे, रोज चेहरा दिसतो, हे चांगलेच झाले. पण त्यामुळेच एक रात्र फोन आला नाही की जीव टांगणीला लागतो. त्यातच दूरदर्शन संचावर युद्धाच्या बातम्या आरडाओरडा करून सांगितल्या जातात. मे २०२५ मध्ये 'ऑपरेशन सिंदूर'च्या वेळी सुट्टीवर आलेल्या अनेक जवानांना तातडीने परत जावे लागले. त्या दिवसांत मोबाईलवर फिरणाऱ्या खोट्या बातम्यांनी किती घरांत चूल पेटली नसेल, याची कल्पना करा.

जाणे आणि येणे, दोन्ही अवघड

हे दुःख फक्त आपल्याकडचे नाही. अमेरिकन नौदलातील कुटुंबांविषयी कॅथलीन व्हेस्टल लोगन या बाईंनी १९८७ मध्ये एक लेख लिहिला. त्यात त्यांनी पतीच्या जाण्या-येण्याच्या काळात पत्नीच्या मनाचे सात टप्पे सांगितले. तो लेख वाचताना मला आपल्याच गावातील बायका डोळ्यांसमोर दिसल्या. जाण्याच्या आधीच्या आठवड्यात विनाकारण भांडण होते. मन आधीच दूर सरकू लागलेले असते, म्हणून ते होते. गेल्यावर काही दिवस काही सुचत नाही. मग हळूहळू घडी बसते, बाई स्वतःच्या पायावर उभी राहते. परत येण्याची तारीख कळली की पुन्हा धांदल, आनंद आणि थोडी भीतीही.

आणि सर्वांत महत्त्वाचा टप्पा म्हणजे तो घरी आल्यानंतरचा. याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. लष्करातील जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक आणि ३० दिवसांची किरकोळ रजा असते. कागदावर ती बरी दिसते. पण ती हवी तेव्हा मिळेल असे नसते आणि मिळाली तरी निम्मी रजा तहसील कचेरी, घराची डागडुजी आणि भाऊबंदांच्या लग्नांत जाते. उरलेल्या दिवसांत काय होते? धाकटे लेकरू बापाला ओळखत नाही, कडेवर घेतले की रडते. घरात पत्नीने वर्षभर आपल्या पद्धतीने व्यवस्था लावलेली असते, तिथे पती पलटणीतल्यासारखे हुकूम सोडू लागतो. खटका उडतो. मग तिला वाटते, इतके दिवस वाट पाहिली ती यासाठी? त्याला वाटते, आता या घरात माझी गरजच उरली नाही. दोघांनाही कोणी सांगितलेले नसते की हे बहुतेक सर्व जवानांच्या घरांत घडते, आणि थोडा वेळ दिला तर निवळते.

हे तिला कोणी सांगावे? मी सांगितले तर ते डॉक्टरचे व्याख्यान होईल. आईने सांगितले तर 'सहन कर' एवढेच सांगेल. जिने दहा वेळा पतीला एसटीत बसवून दिले आहे आणि दहा वेळा उतरवून घेतले आहे, अशा बाईनेच ते सांगावे. तिच्या एका वाक्यात माझ्या दहा गोळ्यांचे बळ असते.

मला जे म्हणायचे आहे

सातारा तालुक्यात आपशिंगे नावाचे गाव आहे. त्याला लोक 'आपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धापासून त्या गावाने पलटणींना माणसे पुरवली. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. अशा गावांत सून नांदायला येते तेव्हा तिच्या शेजारी, समोर, मागच्या आळीत तिच्यासारख्याच बायका असतात. वाट कशी पाहायची हे तिथे वेगळे शिकवावे लागत नाही. आपल्याकडे तसे नाही. इथे एका गावात दोन घरे, दुसऱ्या गावात एक, वस्तीवर आणखी एक अशी जवानांची घरे विखुरलेली आहेत. प्रत्येकीला वाटते की हे माझ्याच वाट्याला आले. म्हणून जे आपशिंग्यात आपोआप होते, ते आपल्याला ठरवून करावे लागेल.

कोणी म्हणेल, सरकारी व्यवस्था आहे की! आहे, आणि तिचा लाभ घेतलाच पाहिजे. लष्करातील पत्नींसाठी १९६६ मध्ये 'आवा' ही संघटना सुरू झाली आणि ती मोलाचे काम करते. पण तिचा आधार मिळतो तो मुख्यतः छावणीत, पलटणीच्या सान्निध्यात. सासू-सासऱ्यांजवळ गावी राहणाऱ्या सुनेला तो मिळणे अवघड. बीडला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, तिथे कागदोपत्री मार्गदर्शन मिळते. पण रात्री दोन वाजता मनात येणारे विचार कोणत्या कार्यालयात घेऊन जायचे?

कोणी म्हणेल, गावात बचत गट आहेत, वेगळे कशाला? बचत गट चांगलेच आहेत. पण तिथे तिने आपले दुःख काढले की 'पगार तर येतो ना' हेच ऐकावे लागते. आणि कोणी म्हणेल, बायका जमल्या की चहाड्या होणार. त्यांना मला विचारायचे आहे की पारावर पुरुष जमतात तेव्हा काय वेदान्त चालतो?

तेव्हा माझी सूचना साधी आहे. पाली आणि आसपासच्या गावांतील जवानांच्या पत्नींनी महिन्यातून एकदा दोन तास एकत्र बसावे. शाळेची खोली चालेल, अंगणवाडी चालेल, मंदिराचा मंडप चालेल. पती लष्करात असो, सीमा सुरक्षा दलात असो की केंद्रीय राखीव पोलीस दलात; शिपाई असो की सुभेदार; इथे सर्व सारख्या. निवृत्त जवानांच्या पत्नींनाही आग्रहाने बोलवावे. १९७१ चे युद्ध आणि १९९९ चे कारगिल ज्यांनी घरात बसून सोसले, त्या आजी आणि काकू म्हणजे या विषयाची चालती-बोलती पुस्तके आहेत.

या बैठकीसाठी काही गोष्टी पाळाव्यात असे मला वाटते :

१. तिथे बोललेले बाहेर जाऊ नये. सासूपर्यंत तर मुळीच नाही.

२. कोणी रडली तर तिला रडू द्यावे. 'तू जवानाची बायको, तू रडायचं नाही,' हे वाक्य बोलण्यास बंदी असावी. धीर म्हणजे अश्रू दाबणे नव्हे.

३. बैठकीत बातम्यांची चर्चा नको. भीती ही साथीच्या रोगासारखी पसरते. एकीने ऐकलेली अफवा दहा जणींची झोप उडवते. पतीची पलटण, ठिकाण किंवा हालचाल मोबाईलवर कोणालाही कळवू नये. यात त्याची सुरक्षितता आहे.

४. फोनची साखळी करावी. ज्या दिवशी एकीचा फोन लागत नाही, त्या रात्री दुसरीने तिच्याकडे मुक्कामाला जावे, नाही तर निदान फोनवर बोलावे. लेकरू आजारी पडले तर रात्री कोणाची गाडी मिळेल, हे आधीच ठरलेले असावे.

५. कागद एकमेकींचे तपासावेत. लग्नाची आणि मुलांच्या जन्माची नोंद पतीच्या सेवापुस्तकात झाली आहे का, वारस म्हणून नाव बरोबर आहे का, आश्रिताचे कार्ड आहे का. जवानाच्या कुटुंबाला लष्करी रुग्णालयाचा आधार असतो. आपल्याला त्यासाठी अहिल्यानगर किंवा छत्रपती संभाजीनगरची छावणी गाठावी लागते. तिथे जाऊन आलेली बाई दुसरीला वाट दाखवू शकते. जमिनीच्या दाव्याची धास्ती असेल तर हेही माहीत असावे की कर्तव्यावर असलेल्या सैनिकाच्या गैरहजेरीत त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून १९२५ पासून कायदा आहे. अर्धी काळजी अज्ञानाची असते आणि ती कागद पाहिल्यावर जाते.

मैत्रीण पुरे पडत नाही तेव्हा

हेही स्पष्ट सांगतो की सगळे काही बोलण्याने बरे होत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, अन्न आणि झोप तुटली असेल, लेकरांकडेही लक्ष जात नसेल, किंवा 'मी नसते तर बरे झाले असते' असे शब्द तोंडून निघत असतील, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला औषध आहे आणि ते घेण्यात कमीपणा नाही. मरणाची भाषा कोणी केली तर तिला एकटे सोडू नये, त्याच दिवशी दवाखान्यात आणावे. बीडच्या जिल्हा रुग्णालयात आणि अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारांवर उपचार होतात. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही सरकारी सेवा सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. तो दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. सैन्यदलांतील माणसांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी याच सेवेचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. हा क्रमांक प्रत्येक जवानाच्या घरात दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा.

सासू-सासऱ्यांनाही दोन शब्द. मुलगा तुमचा आहे, त्याची काळजी तुम्हालाही आहे, हे खरे. पण तुमचा आणि सुनेचा घोर एकच आहे, हे विसरू नका. तिला महिन्यातून दोन तास मोकळे सोडा. ती घरी येईल तेव्हा तुम्हालाच हलकी वाटेल.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या भगिनीचे पुढे काय झाले? पतीचा फोन सतराव्या दिवशी आला. डोकेदुखी लगेच गेली नाही, अजूनही अधूनमधून असते. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. पण झोप येऊ लागली आहे. फोन लागत नाही त्या रात्री ती त्या पोक्त बाईंकडे झोपायला जाते. मध्यंतरी त्या दोघी तिसरीला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. मी तिला आधी नाडी पाहू का विचारण्याऐवजी 'मालक कुठे असतात?' असे विचारले. दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या.

येत्या १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला झेंडावंदनासाठी जवानाच्या पत्नीला पहिल्या रांगेत खुर्ची द्या, तो तिचा मान आहे. पण उरलेल्या दिवसांत ती विहिरीवर, गिरणीत, किराणा दुकानात भेटेल तेव्हा तिला एवढेच विचारा, 'त्याचा फोन आला का?' आणि विचारल्यावर उत्तर ऐकायला क्षणभर थांबा.